जमादारांकडे राहिलेला दिवस

"तुमचं घर नाल्याच्या अलीकडं का पलीकडं?"

जमादारांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी तीन वर्षांच्या शकूला कडेवर घेऊन त्यांच्या पत्र्याच्या दारात उभी होते. लेकराचं नाव काय, वय काय, गोवर निघाला का, रात्री रडतं का, कशाची म्हणून चौकशी नाही. घर नाल्याच्या कुठल्या बाजूला, एवढंच.

"पलीकडं. बाजाराच्या अंगाला," मी म्हणाले.

"मंग ऐका. रातीतून बाटलीत अर्ध्या इंचाच्या वर पाणी भरलं की त्या दिवशी बंद. नाला चढतो. लेकरं इकडं आन त्यांच्या माया तिकडं, हे मला जमायचं न्हाई. फी महिन्याची एकदम. बंद पडलेल्या दिवसाचा पैसा परत भेटणार न्हाई. बिलकुल न्हाई. दिवस परत भेटंल."

"दिवस परत म्हणजे काय?"

"भेटल्यावर कळंल," असं म्हणून त्यांनी शकूला माझ्या कडेवरून असं अलगद उचललं, जसं काही ती त्यांचीच होती आणि मी तिला क्षणभर धरायला मागितली होती.

मी चिडलेच. तेव्हा मला राग फार पटकन यायचा, आणि त्याला कारणंही होती. पोलीस ॲक्शन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. नवरा विषमज्वरानं गेला तेव्हा मी बावीस वर्षांची होते. मंठ्याच्या मुलींच्या शाळेत मला मास्तरणीची जागा मिळाली होती, पण ट्रेनिंग झालेलं नसल्यानं ती कच्ची होती. हसनाबादला सासरी शेती होती, खायला कमी नव्हतं. पण सासऱ्यांना सुनेनं नोकरी करणं पसंत नव्हतं. "तुला काय करायचं ते कर, लेकरू आमच्यापाशी आणून सोड," हे त्यांचं म्हणणं. शकूला दिवसभर सांभाळणारं कुणी मिळालं तरच ती माझ्याजवळ राहणार होती. म्हणून मी या विक्षिप्त म्हाताऱ्याच्या दारात उभी होते, आणि तो मला बाटलीच्या गोष्टी सांगत होता.

बाटलीची हकिगत अशी. जमादार निजामाच्या काळात दुसऱ्या एका तालुक्याच्या कचेरीत शिपायांचे जमादार होते. दर तासाला टोल द्यायचा आणि रोज सकाळी आठ वाजता पाऊस मोजायचा, ही त्यांची दोन कामं. वीस-बावीस वर्षं त्यांनी पाऊस मोजला. पेन्शनीत निघाल्यावर बायकोच्या गावी, म्हणजे मंठ्याला, येऊन राहिले आणि वर्षाच्या आत बायको वारली. एकुलता एक मुलगा हैदराबादला रेल्वेत कारकून. शेजारची खुरपणीला जाणारी एक बाई एकदा म्हणाली, "काका, येवढं लेकरू संध्याकाळपस्तोर ठेवता का?" त्यांनी ठेवलं. दुसऱ्या दिवशी दोन आली. मी गेले तेव्हा बावीस होती.

कचेरी सुटली तरी कचेरीची सवय सुटली नव्हती. अंगणातल्या लिंबाला त्यांनी रुळाचा तुकडा टांगून ठेवला होता, त्यावर टोल पडायचा. टोल पडला की रांग. रांगेत उभी राहणारी ही फौज अडीच ते पाच वर्षांची. निम्म्यांच्या अंगात चड्डी नाही, एखाद्याचं नाक वाहतंय, पण हजेरी पुकारली की प्रत्येकानं "हाजिर" म्हणायचंच. मग सगळी वरात अंगणाच्या मधोमध. तिथं चौथऱ्यावर एक काचेची बाटली, तोंडात पत्र्याचं नरसाळं, अंगावर तांबड्या रंगाच्या आडव्या रेघा. जमादार उकिडवे बसत, एक डोळा मिटत, दुसरा रेघेच्या बरोबर समोर आणत, आणि वहीत काहीतरी लिहीत. वही उर्दूत. ती उजवीकडून डावीकडे उलटायची आणि ती दुसऱ्या कुणालाच वाचता येत नसे, म्हणून तिच्याबद्दल गावात मोठा दबदबा होता. मग एकेक लेकरू बाटलीसमोर बसून एक डोळा मिटायचं. लहानग्यांना एकच डोळा मिटता येत नाही, ती दोन्ही मिटायची. जमादार गंभीरपणे विचारायचे, "दिसलं का?" आणि ते मिटल्या डोळ्यांनी म्हणायचं, "दिसलं."

छत्री त्यांच्या काखेत बारा महिने असे आणि ती उघडलेली मी कधी पाहिली नाही. धो धो पावसात ते मिटलेली छत्री घेऊन नाल्याच्या काठावर उभे राहायचे आणि पलीकडच्या आयांना छत्रीनं खूण करायचे. आडवी धरली की बंद. एकदा मी विचारलं, "काका, उघडत का नाही?" तर म्हणाले, "छत्रीखाली उभं राहून पाऊस कळत न्हाई, बाई." निथळत होते आणि शिंकत होते.

आणि दुपारी लेकरांना निजवायची त्यांची रीत. अंगाई वगैरे काही नाही. गोधड्यांच्या ओळीतून ते हळूहळू चालत आणि कोरड्या हंगामातला तालुक्यांचा पावसाचा तक्ता म्हणत: "भोकरदन, सिफर. जाफराबाद, सिफर. जालना, सिफर. अंबड, सिफर..." सिफर म्हणजे शून्य. आवाज एका पट्टीत, कचेरीतला. परतूर येईपर्यंत एकही लेकरू जागं नसे. शकू घरीही तेच मागायची. मी पदवीधर वडिलांची मुलगी, चांगल्या चांगल्या कविता मला पाठ. पण रात्री माझ्या लेकीला भोकरदनला पाऊस नाही हे ऐकल्याशिवाय झोप लागत नव्हती.

पहिल्याच पावसाळ्यात एका महिन्यात सहा दिवस बंद पडले. सहाही दिवस मी शकूला शाळेत नेऊन टेबलाखाली बसवलं आणि मोठ्या बाईंची नजर चुकवत दुसरीच्या मुलींना पाढे शिकवले. महिना संपला तशी मी तणतणत जमादारांकडे गेले. म्हटलं, सहा दिवसांची फी कापून घ्या.

"कापायची न्हाई."

"का नाही? लेकरू तुमच्याकडे नव्हतं."

"पाऊस का म्या पाडला?"

"मग मी पाडला का?"

यावर त्यांनी खरोखरच थोडा वेळ विचार केला. मग आत जाऊन एक मडकं घेऊन आले. त्यातून मोजून सहा चिंचोके काढले आणि माझ्या हातावर ठेवले. प्रत्येकाच्या पाठीवर कानशीनं एक बारीक खाच पाडलेली.

"ह्ये सहा दिवस. तुम्हाला लागंल तवा आणा. इतवार आसू द्या, सण आसू द्या, मला ताप आसू द्या. चिंचोका दाखवला की उघडं. पैसा घेऊन काय करसाल? पैशाला लेकरू सांभाळता येतं का?"

मला ते सगळं इतकं खुळचट वाटलं की घरी येऊन मी चिंचोके चुलीत टाकणार होते. टाकले नाहीत, याचं कारण शकू त्यांच्याशी खेळत बसली.

पुढे मला कळलं की गावातल्या आयांमध्ये हे चिंचोके अगदी नाण्यासारखे चालतात. भाजी विकणारी गयाबाई सणाच्या बाजाराला शेजारणीकडून एक दिवस उसना घ्यायची आणि पुढच्या पावसानंतर परत करायची. लग्नाला जायचं, बाळंतिणीला भेटायचं, माहेरी आई आजारी आहे, की निघाला चिंचोका. कुणीतरी एकदा घरच्याच चिंचोक्याला खाच पाडून आणली. जमादारांनी तो फिरवून पाहिला आणि विचारलं, "कोणत्या पावसाचा?" ती म्हणाली, "पोळ्याच्या." त्यांनी वही उलटली. "पोळ्याला बाटलीत चार थेंब व्हते. उघडं व्हतं. तुझं लेकरू इथंच हागलं व्हतं." बाई पदर तोंडाला लावून उभी. "ठिव लेकराला," ते म्हणाले, "त्याचा काय कसूर. पन माझ्या बाटलीच्या नावावर खोटा पाऊस पाडायचा न्हाई."

खोट्या पावसाचा त्यांना एवढा संताप का, ते मी त्यांच्याकडूनच एकदा ऐकलं. कचेरीत असताना एका वर्षी पाऊस फार कमी झाला. तसा तो कागदावर आला असता तर शेतकऱ्यांना शेतसाऱ्यात सूट द्यावी लागली असती. एका साहेबानं बोलावून सांगितलं, जमादार, आकडा थोडा वाढवून लिहा. हे म्हणाले, "साहब, बाटली माझी नोकर न्हाई, मी बाटलीचा नोकर हाय." साहेबानं त्यांना उचलून दूरच्या एका चौकीवर टाकलं आणि दोन वर्षं तिथं सडवलं. हे सांगताना त्यांना अभिमान वाटत होता असं मला दिसलं नाही. उलट चिडूनच सांगत होते. त्या दोन वर्षांत त्यांच्या जागी आलेल्या माणसानं बाटली धुतलीसुद्धा नव्हती, हे त्यांचं दुःख.

माझे चिंचोके कामाला आले ते दिवाळीच्या तोंडावर. शाळेच्या तपासणीला साहेबांना रविवारीच सवड झाली, आणि मास्तरणींनी वर्गासह हजर राहायचं असा हुकूम आला. रविवारी जमादारांचं बंद असायचं. मी आदल्या संध्याकाळी जाऊन, खरं सांगायचं तर जरा लाजतच, चिंचोका पुढे केला. त्यांनी तो खाचेवरून बोट फिरवून घेतला आणि म्हणाले, "आठला आणा."

त्याच रविवारी माझे सासरे न कळवता हसनाबादहून आले. घराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, शकू नाल्यापलीकडे म्हाताऱ्याकडे आहे. सासरे ठरवूनच आले होते: लेकरू उघड्यावर पडलेलं दिसलं की उचलायचं आणि संध्याकाळच्या मोटारीनं निघायचं. पुढचं सगळं मला त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या मिशा हलत होत्या.

ते पोचले तेव्हा टोल पडला होता आणि अंगणात रांग उभी होती. रांगेत एकटी शकू. जमादार छत्री काखेत धरून तिच्यासमोर. "रांग सरळ!" शकू सरळ झाली. हजेरी पुकारली. "शकुंतला." "हाजिर." मग दोघं जाऊन बाटलीपुढे उकिडवे बसले. मग भाकरी. मग एकाच गोधडीच्या भोवती जमादार चालायला लागले, भोकरदन, सिफर. सासऱ्यांनी जरा पाय हलवला तर ओठावर बोट ठेवून म्हणाले, "पाव्हनं, लेकरं निजायच्या टायमाला जोडा वाजवायचा न्हाई." लेकरं! मी संध्याकाळी गेले तेव्हा सासरे अंगणातल्या बाजेवर बसले होते आणि मांडीवरची शकू त्यांना एक डोळा मिटायला शिकवत होती.

"सूनबाई," निघताना ते म्हणाले, जमादारांच्या समोरच, "तुझं म्हननं ऱ्हाऊ दे, माझं बी ऱ्हाऊ दे. जोवर ह्यो मानूस हाय तोवर लेकरू तुझ्यापाशी ऱ्हाईल. ह्यो गेला की मंग मी ऐकायचा न्हाई. हसनाबादला न्हेईन."

जमादारांनी मान हलवली. "बराबर हाय," म्हणाले. तेवढंच.

त्या दिवसापासून माझा जीव जमादारांच्या मुक्कामाला टांगला गेला. कारण त्यांचा मुलगा दर दिवाळीला त्यांना न्यायला यायचा. मुलगा वाईट नव्हता. बापाची काळजी करणारा, नीटनेटका, इस्त्रीचा सदरा घालणारा. "बाबा, किती दिवस दुसऱ्यांची लेकरं धूत बसता? चला आता," असं तो म्हणायचा, आणि जमादारांचं उत्तर ठरलेलं: "येतो ना. बाया लोकांचे दिवस देणं हाय माझ्याकडं. ते फिटले की येतो. कुनाचा दिवस बुडवून यायला सांगतो का मला?" मग मुलगा मिठाईचा पुडा ठेवून परत जायचा. तो गेला की आम्ही आया तीच मिठाई सगळ्या लेकरांना वाटायचो.

त्यांच्या जाण्याचा चिंचोक्यांशी असा संबंध आहे, हे एकदा ध्यानात आल्यावर आम्ही बायका जे करू नये ते करून बसलो. मला वाटतं सुरुवात माझ्यापासूनच झाली. त्या वर्षी पावसानं ओढ दिली होती. एकही दिवस बंद पडला नव्हता, म्हणजे नवे चिंचोके नव्हते. जुने संपले तर म्हातारा चालला. मी गयाबाईला म्हटलं, "जपून वापर गं." तिनं दुसरीला सांगितलं. बघता बघता अख्ख्या गावानं दिवस खर्चायचे बंद केले. रविवारी, सणाला, बायका लेकरं पाठीला बांधून बाजारात न्यायच्या, शेतात बांधावर ठेवायच्या, पण चिंचोका उतरंडीतल्या मडक्यातून काढायच्या नाहीत. मडक्यात दिवस साठत होते आणि लेकरं उन्हात करपत होती.

गयाबाईच्या पोराला बाजारात ऊन लागलं. चार दिवस तापानं फणफणलं. जमादारांना कळलं तेव्हा ते छत्री घेऊन थेट तिच्या दारात. मी तिथंच होते.

"तुझ्यापाशी तीन दिवस हायेत. वहीत हाय. काहून आनलं न्हाई लेकराला?"

गयाबाई पदरानं पोराला वारा घालत राहिली.

"दिवस काय लोनचं हाय का मुरत ठिवायला? लेकरू उन्हात मारतीस आन चिंचोका झाकून ठिवतीस? कोनी शिकवलं तुला?"

ती माझ्याकडे बघायला लागली. मग मलाच बोलावं लागलं. म्हटलं, "काका, तुम्ही जाऊ नये म्हणून. सगळ्यांनीच ठेवलेत. देणं फिटलं की तुम्ही जाणार."

जमादार छत्रीच्या मुठीकडे बघत उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांना मुळीच आवडलं नव्हतं. शेवटी घसा खाकरून म्हणाले, "उद्यापासून इतवारी बी उघडं. ज्यानं त्यानं आपले चिंचोके आनायचे. मी असा चोरून ठिवल्यावानी ऱ्हायचा न्हाई."

पुढचे दोन-तीन महिने रविवारी, सणावारी, त्यांचं दार उघडं राहिलं. एकेक करून सगळ्या बायांनी दिवस परत घेतले. मी मात्र एक चिंचोका ठेवला. त्यांनी विचारलं, "बाई, तुमचा एक." मी म्हणाले, "हरवला." मी शाळेत मुलींना खरं बोलायला शिकवणारी बाई.

"हरवू द्या," ते म्हणाले. "वहीत हाय."

त्या एका चिंचोक्यावर दोन दिवाळ्या निघाल्या. मधला पावसाळाही तसाच भुरभुरता गेला. बाटली अर्ध्या इंचाला काही पोचली नाही. मुलगा आला की जमादार वहीवर बोट ठेवायचे, "एक बाकी हाय." शकू तोवर माझ्याच शाळेत पहिलीत जायला लागली होती, शाळा सुटल्यावर मी वह्या तपासून मोकळी होईपर्यंत ती जमादारांकडे असायची आणि धाकट्यांची हजेरी घ्यायची. मी ट्रेनिंगसाठी अर्ज केला होता, त्याचं उत्तर येत नव्हतं. सासऱ्यांचा शब्द तसाच उभा होता.

मग त्यांना दम्यानं धरलं. तक्ता म्हणताना जाफराबादलाच श्वास संपायचा. पौषात थंडी फार पडली, त्यात ते अंथरुणाला खिळले आणि आयांनीच आपापली लेकरं नेणं थांबवलं. मुलाला कुणीतरी पत्र टाकलं. तो रजा काढून आला आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दारात हात जोडून उभा राहिला.

"बाई, डॉक्टर म्हनतो हितं ठिवू नका. मी सोमवारची मोटार ठरवली. पन बाबा बसायला तयार न्हाईत. म्हनतात, मास्तरीनबाईचा एक दिवस हाय, तो फेडल्याबिगर उठायचा न्हाई. आता तुमच्यापायी अडलंय."

मला त्या माणसाची कीव आली आणि स्वतःची लाज वाटली. पण त्याहून मोठी भीती वाटली, तीही सांगते. मी तो चिंचोका दिला की जमादार जाणार होते, आणि जमादार गेले की माझी शकू जाणार होती. रात्रभर मी तिच्याकडे बघत होते. सकाळी रविवार होता. मी तिची वेणी घातली, शिवणाच्या डब्यातून चिंचोका काढला आणि आठच्या आत नाला ओलांडला.

जमादार बाजेवर कांबळं पांघरून बसले होते. मी चिंचोका पुढे केला. त्यांनी खाचेवरून बोट फिरवलं.

"सापडला म्हना की."

"सापडला."

"बरं झालं," म्हणाले, आणि मुलाला टोल द्यायला लावला. सात वर्षांची माझी घोडी रांगेत एकटी उभी राहिली. "हाजिर" म्हणताना तिचा आवाज चिरकला. मी तिथून निघाले. थांबले असते तर रडले असते.

संध्याकाळी गेले तेव्हा शकू बाजेजवळ बसून भोकरदन, सिफर म्हणत होती आणि जमादार डोळे मिटून पडले होते. मला पाहताच उठून बसले आणि एकदम कचेरीच्या आवाजात म्हणाले, "बाई, आजचा दिवस झाला न्हाई. बंद पडला."

"बंद पडला?"

"बाटली बघा."

मी बाटलीजवळ गेले. पौषातलं कोरडं ठणठणीत अंगण, माझ्या पायाला धूळ लागलेली, वर निळं आभाळ. आणि बाटलीत अर्ध्या इंचाच्या रेघेच्या चांगलं वर पाणी.

"अर्ध्या इंचाच्या वर हाय का न्हाई?"

"आहे," मी म्हणाले.

"मंग बंदच. कायदा म्हंजे कायदा." त्यांनी उशाखालून चिंचोका काढला आणि माझ्या हातात ठेवून मूठ मिटवली. "उद्या मी चाललो. पन एक दिवस मी तुमचा देणं लागतो. वहीत लिवलंय. ध्यानात ठिवा. कोनी इचारलं तर सांगा, जमादार देणं लागतो."

मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. त्यांच्या पायावर डोकं ठेवून मी बाहेर पडले. नाल्यात शकू म्हणाली, "आई, पाणी जमादारआबांनीच ओतलं. लोट्यानं. मला म्हणाले, तू बघू नको, तोंड तिकडं कर." मग मात्र मला रडू आवरेना. ज्या माणसानं एका आकड्यापायी दोन वर्षं वनवास काढला त्याला आपण काय ओतलं हेही कळेनासं झालं, या विचारानं मी रडत होते. मी किती मठ्ठ होते, ते मला पंधरा दिवसांनी कळलं.

पंधरा दिवसांनी सासरे आले. येतानाच शकूसाठी नवा परकर आणि कपड्यांसाठी पत्र्याची पेटी घेऊन आले. मी चहा ठेवला. त्यांनी फार हळू आवाजात सुरुवात केली, आणि त्यामुळेच मला जास्त भीती वाटली.

"जमादार गेले म्हनं."

"गेले."

"मंग आपलं बोलनं झाल्तं तसं..."

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लखकन उजेड पडला. कोनी इचारलं तर सांगा. मी उठले, डबा उघडला आणि चिंचोका सासऱ्यांच्या हातावर ठेवला.

"गेले, पण त्यांचा एक दिवस आपल्याकडे येणं आहे, मामा. जाण्याच्या आदल्या दिवशी बंद पडला. वहीत लिहून गेलेत."

सासऱ्यांनी चिंचोका उजेडाकडे धरला. ते शेतकरी माणूस. पाऊस त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होता.

"पौषात? मंठ्याला पाऊस?"

शकू काही बोलणार होती, तिला मी डोळ्यांनी दाबलं.

"बाटलीत अर्ध्या इंचाच्या वर पाणी होतं," मी म्हणाले. "मी पाहिलं."

चहा गार झाला. खाचेवरून त्यांचा अंगठा फिरत होता. शेवटी चिंचोका त्यांनी माझ्या हातात परत दिला आणि फेटा सारखा केला.

"त्यानं मोजला म्हंजे पडला आसंल," म्हणाले. "देणं ठिवून गेला म्हंजे मानूस गेला न्हाई. यील कधीतरी." आणि पेटी तिथंच ठेवून, परकर शकूला देऊन, ते संध्याकाळच्या मोटारीनं परत गेले. त्यांनी शकूला न्यायचा विषय पुन्हा काढला नाही.

जमादार त्या उन्हाळ्यात हैदराबादला वारले. मुलाचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की शेवटपर्यंत रोज सकाळी खिडकीत पेला ठेवायला लावायचे. ते पत्र मी हसनाबादला कुणाला दाखवलं नाही. पुढच्या वर्षी माझं ट्रेनिंग झालं, जागा पक्की झाली. शकू माझ्याचजवळ राहून मॅट्रिक झाली, आणि आता तिचीच नातवंडं माझ्या अंगणात खेळतात.

चिंचोका अजून शिवणाच्या त्याच डब्यात आहे. तो दिवस मी कुणाकडे मागितलेला नाही.